बास

दुपारी तीनला मिरजकर तिकटीजवळच्या गाड्यावर हाफ चहा पोटात गेला नाही, तर माझी दुपार पुढं सरकतच नाही. परवा शेजारी उभा असलेला फुर्र करून म्हणाला, "चहानं डोस्कं कसं चालू होतंय बघा." मी मान डोलावली. चहावरून वाद घालू नये, चहा निवतो. पण मला आमचे थोरले काका आठवले.

गावच्या म्हाईला तांबडा रस्सा वाढायचा मान काकांचा. डाव्या हातात बादली, उजव्यात ओगराळं, आणि कान ठार. "बास, बास" म्हणत माणूस ताटावर आडवा पडला तरी बोटांच्या फटीतून तर्री पोचायचीच. आतेभावाच्या लग्नातल्या पांढऱ्या शर्टाचा खिसा अजून केशरी आहे. काकांना रागावणार कोण? ते ऐकू यायला हवं ना.

मेंदूत अशीच पंगत बसलेली असते. वाढणारी पेशी आणि जेवणारी पेशी यांच्यात फट केवढी, तर एका मिलिमीटरचे ५० हजार भाग करा, त्यातला एक. वाढणारीच्या टोकाशी रसायनाच्या इवल्या पिशव्या तयार असतात. कॅल्शियम आत शिरलं की त्या फटीत रित्या होतात. आणि तिथंच, वाढणारीच्याच अंगावर, 'बास' ऐकणारे कान असतात. शास्त्रात त्यांना ग्राही म्हणतात. दिवसभर मेंदू राबला की अ‍ॅडेनोसिन हे रसायन साचत जातं आणि या कानाला लागतं. मग कॅल्शियमची दारं किलकिली होतात, ओगराळं अर्धंच भरतं, आपण जांभई देतो. चहातलं कॅफिन दिसायला अ‍ॅडेनोसिनसारखं. ते कानात जाऊन बसतं आणि बोलत काहीच नाही. झाले काका! (बोळा मात्र चिवट. तीनच्या चहातला निम्मा ऐवज रात्री आठलाही अंगात असतो. अकराला छताकडं बघत पडलो की मला हे पटतं, दुसऱ्या दिवशी तीनला पटत नाही.)

जेवणारी पेशीही मुकी नसते. फार झालं की ती स्वतः एक पदार्थ बनवून उलट्या दिशेनं वाढणारीकडं धाडते, म्हणजे ताटावर हात. भांग चढते ती बरीचशी हा इशारा ऐकणाऱ्या कानामुळं. कुणी 'बास' म्हटलेलंच नसताना वाढप्याला ते ऐकू येतं. आणि १९५०मध्ये मेंदूत सापडलेलं गाबा नावाचं रसायन तर दोन्हीकडं वट असलेला माणूस. जेवणाऱ्याला दाबतो, वाढणाऱ्याचा हातही धरतो. असली माणसं प्रत्येक भावकीत एक तरी असतातच, आणि त्यांच्याशिवाय कार्य पार पडत नाही.

गेल्या म्हाईला काका वाढायला नव्हते, पंगतीत होते. गुडघे गेलेत. ओगराळं माझ्याकडं आलं. पहिल्याच वाढपाला त्यांनी ताटावर हात धरला, "बास." माझे कान शाबूत. मी थांबलो आणि पुढच्या ताटाकडं वळलो.

मागनं आवाज आला, "आरं, वाढ की. तसं म्हणायचं असतंय."