दोना पावला, दोन फेऱ्या आणि एक डबा

पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे परिषदा म्हणजे बहुतेक वेळा हैदराबाद नाहीतर नागपूर. यंदा दोना पावला निघालं, तेही ऑगस्टच्या शेवटी. पत्र हातात आलं आणि पहिल्यांदा आठवल्या काडी आणि मास्तर. २००६ ते २००८, कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठाच्या हॉस्टेलची एकच खोली. काडी लग्न होऊन डिचोलीला गेली, मास्तर फोंड्याला शिकवते. (मास्तर मुलगीच आहे. रेक्टरची शिट्टी हुबेहूब वाजवायची, म्हणून नाव पडलं.)

पुण्याहून गोवा एक्सप्रेस धरली. संध्याकाळी बसायचं, मिरज-लोंढा करत पहाटे मडगाव. पणजीला जायचं असेल तर मडगाव स्टेशनावरून कदंबाचा (गोव्याच्या सरकारी बसचा) स्टँड चांगलाच लांब आहे हे ध्यानात ठेवा. एकटं असाल आणि बॅग एकच असेल तर पायलट करा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. स्टँडवर मडगाव-पणजी शटल मिळते. तिकीट खिडकीवर काढायचं, मध्ये थांबत नाही. मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी पणजीसाठी करमळीलाच उतरावं, मडगावपर्यंत जाऊन मागे येऊ नये. विमानाने येणार असाल तर तिकिटावर दाबोळी आहे की मोपा ते आधी बघा. आमच्यातले दोघे मोपाला उतरून दाबोळीच्या हिशोबाने निघाले आणि उद्घाटनाच्या भाषणाला मुकले. त्यांचं फार नुकसान झालं असं नाही.

परिषदेच्या ठिकाणाला चिकटून राहू नका. मी पणजीत मळा नावाच्या भागात खोली घेतली आणि रोज बसने दोना पावला गाठलं. सकाळी कॅफे भोसलेत भाजी-पाव, पातळ भाजी मागायची, वर मिरची. मात्र रात्री आठनंतर बसवर विसंबू नका. ओला-उबर इथे नाही. पहिल्या दिवशी जेवण लांबलं आणि दारातल्या टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी परत आत जाऊन आइस्क्रीम खाल्लं. शेवटी परिषदेच्या गाडीतून आले. गोवा माइल्सचं टॅक्सीचं ॲप आधीच फोनमध्ये घालून ठेवा.

आता भेटीचं. पहिली भेट मी स्वतः बिघडवली. दोघींना गुरुवारी संध्याकाळी परिषदेच्या हॉटेलातच बोलावलं. माझ्या गळ्यात ओळखपत्र, काडी फोंड्याहून मास्तरला घेऊन गाडी चालवत आलेली, समोर साडेतीनशे रुपयांची कॉफी. आम्ही तिघी खुर्च्यांच्या कडेवर बसून मुलांचे मार्क आणि पुण्यातले फ्लॅटचे भाव बोललो. पाऊण तासाने मास्तरने घड्याळ पाहिलं. निघताना काडी म्हणाली, "शनिवारी घरी ये गो. असं नको."

शनिवारची समारोपाची सत्रं सोडून दिली. (प्रमाणपत्र नंतर मेलवर येतं, काळजी नको.) जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीची फेरी, म्हणजे फेरीबोट, धरायची, दिवाडी बेट आडवं ओलांडायचं, पलीकडे दुसऱ्या फेरीने नार्वे आणि तिथून डिचोली, असा काडीचा बेत. पुलावरून गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, पण ती म्हणाली, तुला दाखवायचंय. पायी माणसाला फेरीला तिकीट नाही, चारचाकीचं किरकोळ पडतं.

आम्ही धक्क्यावर पोचलो आणि फेरीने फळी उचलली. चांगली वीस मिनिटं. पाऊस सुरू, काडीच्या छत्रीची एक काडी मोडलेली, त्यावरून जे हसायला सुरुवात झाली ते थांबेना. मास्तरने शिट्टी वाजवली. रांगेतला स्कूटरवाला दचकून पुढे सरकला.

काठाला खाणीचा माल वाहायचा एक बार्ज बांधून ठेवला होता. त्याकडे बघत काडी म्हणाली, "तुझ्या लग्नाला का नाही आले, विचारलं नाहीस कधी."

माझं लग्न डिसेंबर २०१२चं. मी तेव्हा रागावले होते, मग राग विसरले आणि फोन करायचाही विसरले. तिच्या सासरचे दोन ट्रक खाणीवर होते. त्या सप्टेंबरमध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि हप्ते चालू राहिले. "दोन्ही ट्रक दारात उभे. पुण्याला यायचं तर भाडं, आहेर, एक बरी साडी. तुला काय सांगायचं?" मग खाणी पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. आता एकच ट्रक आहे आणि तो खडी वाहतो. हे सगळं तिने छत्रीतून गळणारं पाणी बाहीने पुसत सांगितलं. मास्तरला माहीत होतं. फोंडा ते डिचोली जवळ, पुणे लांब, एवढंच.

फेरी आली तेव्हा आम्हाला हॉर्न वाजवून बोलवावं लागलं.

दिवाडी पावसात बघण्यासारखी आहेच, भातशेती अगदी रस्त्याला टेकलेली. पलीकडे नार्व्याला सप्तकोटेश्वर. देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे नेला. आजच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, दारावर तसा शिलालेख आहे. २०२३ मध्ये त्याची पुन्हा नीट दुरुस्ती झाली. सकाळीच जा, गर्दी नसते.

एक महत्त्वाचं: ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठलेली असते, म्हणून हावरटासारखे मित्रांकडे जेवायला जाऊ नका. श्रावण असतो. बऱ्याच हिंदू घरांत मासळी शिजत नाही. मी मनातल्या मनात इसवण (सुरमई) तळत गेले होते, ताटात आलं तिरफळ घातलेलं खतखतें (मिश्र भाज्यांचं), मुगागाठी (मोडाच्या मुगाची), तायकिळ्याची पालेभाजी आणि सोलकढी. मुगागाठी तीनदा घेतली. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात तर कुणाकडे मुक्कामच मागू नका. घरं धुणं, माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीची) तयारी, बायकांना श्वास घ्यायला वेळ नसतो. आम्ही जेवत असताना काडीच्या सासूबाई माटोळीच्या चौकटीला दोरी पुरेल का ते मोजत होत्या आणि मला टोक धरायला लावलं.

परतीची गाडी मडगावहून दुपारची. पणजीतून निदान दोन तास आधी निघा, रविवारीसुद्धा. पावसाळ्यात ही गाडी उजेडात धरण्यातच शहाणपण आहे, कारण कुळे सोडल्यावर दूधसागर अगदी डब्याला शिंतोडे उडवतो. सगळा डबा दाराशी गोळा झाला तेव्हा मी जागेवरच बसून काडीने दिलेला स्टीलचा डबा उघडला होता. मुगागाठी आणि चपात्या. झाकणावर तिच्या सासूबाईंचं नाव कोरलंय, त्यामुळे तो मला द्यायला परत जावंच लागणार. चवथ झाल्यावर.