दर्जा गुपचूप कापला जातो

"लवकर, चांगलं आणि स्वस्त, यातलं कुठलंही दोन निवडा" हे प्रोजेक्टवाल्यांना तोंडपाठ असतं, पण मला ते अर्धवट वाटतं. कारण प्रत्यक्षात बसून कोणी काही निवडतच नाही. तारीख ठरलेली असते, बजेटवर सही झालेली असते, आणि दर्जा? तो कागदावर कुठेच नसतो, मग ताण आला की नेमका तोच जातो.

माझ्या एका प्रोजेक्टमध्ये टेस्टिंगला तीन आठवडे ठेवले होते, आधीची कामं सरकत गेली, लाँचची तारीख मात्र हलली नाही आणि टेस्टिंगला उरले चार दिवस. "टेस्टिंग कमी करू" असं कुठल्याही मीटिंगमध्ये ठरलं नव्हतं हो! नंतर दोन महिने आम्ही दुरुस्त्याच करत बसलो, वेळही गेला आणि पैसेही. अजून वाईट वाटतं त्याचं.

नासाचंही बघा. १९९० च्या दशकात डॅन गोल्डिन प्रमुख असताना त्यांनी वेगात, चांगलं आणि स्वस्तात अशी तिन्हीची कास धरली. १९९७ ला पाथफाइंडर हे यान एअरबॅगवर उसळत मंगळावर नीट उतरलं. पण सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाभोवती फिरायला पाठवलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान हातचं गेलं, कारण जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या, म्हणजे यानाच्या छोट्या इंजिनांच्या, धक्क्याचे आकडे पाउंडाच्या हिशोबात दिले आणि पुढचे लोक ते न्यूटनचे समजून चालले. डिसेंबरात मंगळावर उतरायला निघालेलं पोलर लँडरही गेलं. युनिटची चूक कोणाकडूनही होईल, पण ती पकडायला तपासणी लागते ना, आणि ऑर्बिटरच्या चौकशीत नेमकं हेच आलं की नॅव्हिगेशनला माणसं कमी होती आणि तपासणी पुरेशी झाली नव्हती.

मग माणसं वाढवा म्हणतात. ऐन शेवटी वाढवून फार उपयोग होत नाही, ५ जणांत बोलायच्या जोड्या १० होतात, १० जणांत ४५, आणि नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो.

आता मी एस्टिमेटमध्येच दर्जा लिहून टाकते, म्हणजे पान किती सेकंदात उघडलं पाहिजे, कुठल्या चुका असतील तर लाँच करायचंच नाही, टेस्टिंगचे दिवस कोणाच्या सहीशिवाय कमी होणार नाहीत. आणि क्लायंटला पहिल्याच मीटिंगला विचारते, उशीर झाला तर आधी काय सोडायचं? सुरुवातीला लोकांना हा प्रश्न आवडत नाही, आत्ताच कशाला अपशकुन असा चेहरा होतो, पण तेव्हा सगळे शांत असतात म्हणून उत्तर खरं मिळतं. सध्याच्या प्रोजेक्टमध्ये क्लायंटने रिपोर्टचा भाग सांगून ठेवला होता, गेल्या महिन्यात खरंच उशीर झाला तेव्हा तो दुसऱ्या टप्प्यात ढकलला, पाच मिनिटांत विषय संपला आणि टेस्टिंगचे तीन आठवडे जसेच्या तसे राहिले.