सूर्यफुलाचं पान झालं, गिअरचं अजून अडलंय

३२ पानांच्या चित्रपुस्तकातलं सूर्यफुलाचं जोडपान काल रंगवून संपलं. तीन आठवडे गेले, पण या पानाने मला जेवढं शिकवलं तेवढं आधीच्या कुठल्याच पानाने शिकवलं नव्हतं.

बिया मी आधी नजरेच्या अंदाजानेच मांडत होते. फूल छान दिसायचं, पण मोजायला गेलं की हाती काही लागायचं नाही. मग हेल्मुट फोगेल यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत धरली: प्रत्येक पुढची बी १३७.५ अंश फिरवून ठेवायची आणि केंद्रापासूनचं अंतर बीच्या क्रमांकाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढवायचं. मी वर्गमुळाला ५ मिमीने गुणलं. म्हणजे चौथी बी १० मिमीवर, पंचविसावी २५ वर. वर्गमुळामुळे प्रत्येक बीच्या वाट्याला सारखीच जागा येते, कुठे दाटी नाही की कुठे मोकळं नाही.

पहिल्या प्रयत्नात अर्धा अंश मोजायचा कंटाळा केला आणि १३५ वर मांडलं. सायकलच्या चाकासारख्या आठ सरळ काड्या निघाल्या, मध्ये नुसती रिकामी जागा! आठ वेळा १३५ म्हणजे बरोबर तीन फेऱ्या, म्हणून नववी बी पहिलीच्याच रेषेत येते. हे चित्र फेकलं नाही. डाव्या पानावर तेच लावलंय, उजवीकडे १३७.५ वालं.

हाताने करणाऱ्यांनी एक जपा: प्रत्येक कोन मागच्या बीपासून मोजू नका, चूक साठत जाते. सगळे कोन शून्यरेषेपासून काढून घ्या: १३७.५, २७५, ५२.५, १९० असे.

१५० बिया झाल्यावर कडेला एका दिशेने २१ आणि दुसऱ्या दिशेने ३४ सर्पिल मोजता आले. दोन्ही फिबोनाची संख्या, म्हणजे १, १, २, ३, ५, ८ अशा मालिकेतल्या, जिच्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. हे सर्पिल मुलांच्या डोळ्यांना कसे दिसावेत यावर खूप विचार केला. शेवटी क्रमाने तीनच रंग फिरवले: पहिली बी काळी, दुसरी तपकिरी, तिसरी पिवळसर, चौथी पुन्हा काळी. २१ सर्पिलांच्या दिशेने एका सर्पिलावरच्या शेजारच्या बियांच्या क्रमांकांत २१ चा फरक असतो, ३४ च्या दिशेने ३४ चा. २१ ला तीनने भाग जातो, म्हणून एका दिशेचा प्रत्येक सर्पिल आपोआप एकाच रंगाचा झाला. ३४ ला भागल्यावर बाकी एक उरते, म्हणून दुसऱ्या दिशेने तिन्ही रंग आळीपाळीने येतात. ब्रश हातात धरून मी कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मी फक्त क्रमाने रंग लावत गेले होते, नक्षी संख्यांनी काढली.

कडेला एक मुंगी काढलीय. ती एकाच रंगावरून आत चालत जाते आणि तिसाव्या बीच्या आसपास तिची वाट हरवते, कारण तिथून आत सगळ्यात जवळच्या शेजाऱ्यांच्या क्रमांकांतला फरक ८ आणि १३ होतो, आणि या दोघांना तीनने भाग जात नाही. पानावर सूत्र नाही, एवढाच मजकूर: ‘मुंगीला पुढची काळी बी का सापडेना?’

गिअरचं पान मात्र पुन्हा काढावं लागणार. तीन चाकं त्रिकोणात एकमेकांत अडकवली की एकही फिरत नाही, हे बोट फिरवून कळावं अशी कल्पना आहे. पण मी मोठ्या चाकाचे दाते मोठे काढले. दाते सारखेच हवेत: १२ आणि १८ दात्यांच्या चाकांच्या त्रिज्या २:३. उद्या कंपास घेऊन बसते.