तात्या फार प्रामाणिक होते

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी काहीही लिहा’ असं समितीचं पत्र आलं. काहीही म्हटलं तरी माझ्याकडून मराठीच्या बाईंवरच लिहिलं जाणार, हे पत्र धाडणाऱ्यांनाही ठाऊक असावं. मैदान, सहली, स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच.

नववीत कथेचा पाठ चालू होता. व्यक्तिचित्रण दोन प्रकारचं, प्रत्यक्ष (पात्र कसं आहे ते थेट सांगणं) आणि अप्रत्यक्ष (ते त्याच्या वागण्या-बोलण्यातून कळू देणं), एवढं सांगून बाई पुढे जाऊ शकल्या असत्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘तात्या फार प्रामाणिक होते.’ आणि विचारलं, “हे म्हणतंय कोण?”

“लेखक,” कुणीतरी पुटपुटलं. मग बाईंनी त्या वाक्याला एकेक धनी दिला. सर्वज्ञ निवेदक, म्हणजे कथेबाहेरून सगळं जाणणारा, म्हणाला, तर वाचक निमूट मान्य करतो. तेच तात्यांचा धाकटा भाऊ वाटणीच्या दिवशी म्हणाला तर? नोकरी गेल्यावर बायको म्हणाली तर? आणि कुणी न विचारता तात्या स्वतःच म्हणाले तर? यावर वर्गात हशा पिकला. वाक्य तेच, पण दर वेळी तात्या बदलत गेले, आणि बोलणारा माणूसही उघडा पडत गेला. तास संपला तेव्हा फळ्यावर तेवढं एकच वाक्य होतं. पाठ राहिला तो राहिलाच.

‘सांगू नका, दाखवा’ हा सल्ला मी पुढे कार्यशाळांतून कंटाळा येईपर्यंत ऐकला. बाईंनी तो कधीच दिला नाही. दोन ओळींपुरता येणारा पोस्टमन चिडका असेल तर चिडका म्हणून मोकळं व्हावं, त्याला उगाच दारं आपटायला लावू नयेत, असं त्या म्हणायच्या. ज्याच्यामागे वाचक कथाभर जाणार, त्याचं मात्र बोलणं, वागणं, मनातले विचार, तो येताच इतरांचे बदलणारे चेहरे, यांवरून वाचकालाच काय ते ठरवू द्यावं. त्यातही निवेदक सांगतो एक आणि पात्र वागतं भलतंच, अशी फट सापडली की बाई खूश! पुढे एम.ए.ला इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२७ सालच्या पुस्तकात सपाट (एकाच गुणावर उभी) आणि गोल (अनेक पैलूंची) पात्रं भेटली. पात्र आपल्याला चकित करतं का, आणि तरी पटतं का, ही त्यांची गोल पात्राची कसोटी. ती वाचताना मला तात्याच आठवले.

आता मी कथांची हस्तलिखितं संपादित करतो. स्वतःचा दुसरा संग्रहही नुकताच आला (स्मरणिकेत नाही सांगायचं, तर कुठे?). समासात माझा शेरा बहुधा एकच असतो, ‘कोण म्हणतंय?’ नवे लेखक वैतागतात. गाइडांत मात्र ‘प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष व्यक्तिचित्रणातील फरक’ दोन रकान्यांत तयार मिळतो. मुलं तो पाठ करतात, गुणही पडतात. त्यात तात्या कुठेच नाहीत, याचं वाईट वाटतं.

बाईंच्या मानपत्राचा मसुदा समितीने नजरेखालून घालायला पाठवलाय. प्रेमळ, व्यासंगी, निगर्वी, विद्यार्थिप्रिय... यातलं खोटं काहीच नाही, पण ही विशेषणं कुणाच्याही मानपत्रात खपतील. बाई आमच्या वह्या पेन्सिलीने तपासायच्या आणि ‘शेरा पटला नाही तर खोडून टाक’ म्हणायच्या, एवढं त्यात घाला, असं मी कळवलंय. जागा कमी पडली तर ‘निगर्वी’ काढा.