अगत्तीपर्यंतचा दोरा

आठवीला भारताची बेटं शिकवत होते. सावरकरांच्या जन्मगावाहून, भगूरहून येणारा एक मुलगा मागच्या बाकावरून उठला. "बाई, सावरकरांच्या नावाच्या विमानतळावरून थेट लक्षद्वीपला गेलं तर किती वेळ लागेल?" प्रश्न इतका आवडला की पुढचा धडा तिथेच थांबवला.

शाळेतल्या पृथ्वीगोलाचा घेर एक मीटर आहे, म्हणजे एक सेंटीमीटर ४०० किलोमीटरचा. केसांतल्या गजऱ्याचा दोरा सोडवला. एक टोक अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरवर (२०२४ पासून श्री विजयपुरम), सावरकरांच्या नावाचा विमानतळ तिथलाच; दुसरं लक्षद्वीपचा विमानतळ असलेल्या अगत्ती बेटावर. ताणला की दोरा आपणहून सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. हे फळ्यावर सांगून पोचत नाही, बोटाला कळावं लागतं. त्या मुलाने नखाने खूण धरली आणि दोरा पट्टीवर ठेवला. साडेपाचच्या जरासा पुढे. अक्षांश-रेखांश घेऊन गणित केलं तर सुमारे २२४० किलोमीटर.

"ताशी आठशे धरले तर दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं!" पहिल्या बाकावरून लगेच उत्तर आलं. चढण्या-उतरण्याची वीसेक मिनिटं घातली तरी तीन तासांच्या थोडं वर.

पण असं विमान नाही. पोर्ट ब्लेअरची धावपट्टी जवळपास ३३०० मीटर, अगत्तीची जेमतेम १२००, दोन्ही अंगांना समुद्र. तिथे मोठं जेट उतरू शकत नाही. एटीआर हे पंख्याचं छोटं विमान उतरतं, पण भरल्या विमानाने ते साधारण दीड हजार किलोमीटरच झेपावतं. म्हणजे जे एवढं लांब जातं ते उतरू शकत नाही, आणि जे उतरतं ते एवढं लांब जात नाही. हे सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला. अशी शांतता मला फार मोलाची वाटते.

मग जायचं कसं? चेन्नई १३७० किलोमीटर, तिथून कोची ५२०, पुढे अगत्ती ४६५. बेरीज २३५५, म्हणजे सरळ वाटेपेक्षा फक्त ११५ जास्त! आडवाट जवळजवळ नाहीच. हवेतला वेळ पाच तासांच्या आतबाहेर. बाकीचा दिवस विमानतळावरच्या खुर्च्यांत जातो, आणि कोचीचं विमान चुकलं तर मुक्काम ठरलेला. लक्षद्वीपचा परवाना आधी काढायचा, तो वेगळाच. सावरकरांना १९११च्या जुलैत मद्रासहून बोटीने अंदमानात नेलं, ते अंतर याच वाटेवरच्या पहिल्या टप्प्याचं, हेही मुलांना दाखवलं.

तास संपता संपता त्याच मुलाने विचारलं, "मग बाई, तिथे सूर्य कधी उगवतो?" दोन्ही बेटांमध्ये साडेवीस रेखांश, प्रत्येकी चार मिनिटं. पोर्ट ब्लेअरला ऊन पडल्यावर अगत्तीला उजाडायला तब्बल ८२ मिनिटं, आणि दोन्हीकडच्या घड्याळात वेळ मात्र एकच. दोरा त्याने वहीत चिकटवून घेतला. शेजारी लिहिलं: २२४० कि.मी., ८२ मि.