तुम्ही विचारलंत म्हणून: भाडेकरूंची ती यादी मी इंटरनेटवरून का काढून टाकली

आमच्या कोथरूडमधले घरमालक मला अजूनही जिन्यात गाठून विचारतात, "काका, यादीत सगळं खरंच होतं ना? मग एका नोटिशीला घाबरलात कशाला?" आजवर मी हसून वेळ मारून नेली, पण आता एकदाचे लिहूनच टाकतो.

इतर घरमालकांना सावध करायला मी इंटरनेटवर ठेवलेल्या त्या यादीत 43 भाडेकरूंची नावे, मोबाइल क्रमांक, आधीचे पत्ते, थकबाकी आणि शेवटी 'शेरा' असा रकाना होता, आणि लिंक हाती पडेल त्या कोणालाही ती उघडता येत असे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते, हे मला ठाऊक होते. पण माझ्याच फ्लॅटमध्ये एकाने सात महिने ठाण मांडले, तेव्हा गृहकर्जाचे हप्ते मात्र माझ्या खात्यातून जात होते. त्या रागात मी यादी सुरू केली, आणि तो राग अनाठायी होता असे मी आजही म्हणणार नाही.

2022 च्या पावसाळ्यात रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. भारतीय दंड संहितेची कलमे 499 आणि 500, म्हणजे बदनामी. पाठवणाऱ्या बाई एका रुग्णालयात परिचारिका होत्या. यादीत त्यांच्या नावापुढे 'थकबाकी दोन महिने' आणि शेऱ्यात 'वेळी-अवेळी येणे-जाणे' असे होते. त्यांच्या घरमालकाने हे मला फोनवर सांगितले आणि मी चहा घेता घेता ते टाइप केले होते.

माझ्या वकिलांच्या ऑफिसात आमची भेट झाली. बाईंनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक होता त्यांच्या ड्युटीचा तक्ता, ज्यात महिन्यातल्या अकरा रात्री हिरव्या पेनाने खुणावल्या होत्या. दुसऱ्यावर घरमालकाचा मेसेज छापलेला होता. शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करून घेतो, असे त्यात त्यानेच लिहिले होते. त्यांना तीन घरे नाकारली गेली होती आणि तिसऱ्या ठिकाणच्या एजंटाने माझी यादी मोबाइलवर उघडून त्यांच्यापुढे धरली होती. त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. "तुम्ही मला एक फोन का नाही केलात?" एवढेच त्यांनी विचारले. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता असे म्हणायचीही सोय नव्हती, कारण तो मी यादीतच छापला होता.

त्या निघून गेल्यावर वकिलांनी मला जे सांगितले, तेच तुम्हाला सांगतो. फौजदारी बदनामीत मजकूर खरा असून भागत नाही; तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्‌हेतूने लिहिले, असा बचाव घेता येतो, पण कायद्याच्या लेखी योग्य काळजी न घेता केलेली गोष्ट सद्‌हेतूची ठरतच नाही. दुसऱ्याने सांगितले म्हणून लिहिले, ही ढाल नव्हे, कारण प्रसिद्ध करणाराही जबाबदार असतो. 1 जुलै 2024 पासून हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे: दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव असतो, पण ते सिद्ध मलाच करावे लागणार, आणि 43 पैकी एकाही नोंदीचा कागद माझ्यापाशी नव्हता. दोन नोंदींना तर मी आधार कार्डाचे फोटो जोडले होते. आधार क्रमांक असा जाहीर करायला 2016 च्या आधार कायद्यातच मनाई आहे.

तेव्हाचा मी म्हणत असे की बँका कर्जदारांचा इतिहास पाहतात, मग घरमालकांनी भाडेकरूंचा का पाहू नये? बँकांसाठी तो इतिहास ठेवणाऱ्या कंपन्या 2005 च्या कायद्याने बांधलेल्या आहेत, आणि कर्जदाराला आपली नोंद पाहता येते, चूक असल्यास दुरुस्त करून मागता येते. माझ्या यादीत दुरुस्ती मागायला जागाच नव्हती. तरीही भाडे बुडवणारा माणूस पुढच्या गल्लीत नवे घर घेतो आणि त्या घरमालकाला कोणी सावध करत नाही, याचे उत्तर मला ना वकिलांनी दिले, ना मला स्वतःला सापडले.

मी लेखी माफी मागितली, बाईंनी ती स्वीकारली आणि यादी मी त्याच दिवशी इंटरनेटवरून काढून टाकली. लोकांनी घेतलेले स्क्रीनशॉट मात्र माझ्या हातात नाहीत. प्रकरण मिटेपर्यंत मूळ फाइल पुसू नका, असे वकिलांनी बजावले होते. प्रकरण मिटून बराच काळ झाला. मागच्या महिन्यात माझा फ्लॅट रिकामा झाला, नवा भाडेकरू नाव सांगून गेला, आणि त्या रात्री मी ती फाइल उघडून ते नाव शोधले. ते सापडले नाही. फाइल अजून आहे.