तर्रीचा डाग

डाग साधारण रुपयाच्या नाण्याएवढा आहे. मधोमध गडद केशरी, कडेला पिवळट, आणि भोवती तेल पसरून कागद असा झालाय की मागच्या बाजूची अक्षरं उलटी दिसतात. मुखपृष्ठावर वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, घोड्यावर बसलाय आणि डाग बरोबर घोड्याच्या मानेवर. मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा अंक आहे. बाबा रेल्वेत होते, ड्यूटी संपवून घरी येताना नागपूर स्टेशनच्या बुकस्टॉलवरून आणायचे, त्यातला एक.

डाग पाडणारी माझी शाळेपासूनची मैत्रीण, राहते प्रतापनगरात. रविवारी सकाळी आली होती, कोपऱ्यावरून तर्री-पोहे आणले होते, आणि मला दुर्बुद्धी सुचली की हिला कपाट उघडून दाखवावं. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात वेताळ. पोह्यांवरची चण्याची तर्री ओघळली. मी किंचाळले. ती शांतपणे बोटाने पुसत म्हणाली, "अगं, जुनंच तर आहे. आधीच पिवळं पडलं होतं ना?"

पुसल्यामुळे डाग दुप्पट झाला.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, डाग हा आमचा रोजचा धंदा. तरी हा निघाला नाही. टाल्कम पावडर पसरली, वर टीपकागद आणि डिक्शनरी ठेवून रात्रभर दाबला. तेल बरंचसं गेलं, हळद राहिली. हळद उन्हात उडते हे खरं, पण नागपूरच्या उन्हात तिच्यासोबत वेताळही उडाला असता. मग कपाटाला कुलूप लावलं आणि सहा महिने कोणालाही काही दाखवलं नाही.

माझ्याकडे सहाशेच्या वर कॉमिक्स आहेत. मराठी घरातल्या बाईच्या कपाटात हिंदी कॉमिक्स जास्त कशी, असं पुण्यामुंबईच्या लोकांना वाटतं. नागपूरकराला नाही वाटत. 1956 पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. घरात 'काऊन' आणि चौकात 'क्यूं बे', दोन्ही आम्हाला सारखेच येतात. त्यामुळे वेताळ मराठीत, चाचा चौधरी नि नागराज हिंदीत आणि अमर चित्र कथा ज्या भाषेत हाताला लागेल त्या भाषेत. यातली निम्मी तर मी लहानपणी विकत न घेताच वाचली होती. आमच्या गल्लीतला एक दादा उन्हाळ्याच्या सुट्टीत पोर्चमध्ये सुतळी बांधायचा आणि कॉमिक्स कपडे वाळत घालावेत तशी लटकवायचा. बसून वाचायला चार आणे, घरी न्यायला आठ आणे. घरी नेलेलं कॉमिक्स आम्ही पाच घरी फिरवायचो आणि मग परत करायचो. म्हणजे डाग पाडणाऱ्यांत एकेकाळी मीही होते. पण हे कुलूप लावताना आठवत नाही.

कुलपाच्या आधी मी जे करायचे तेही काही फार चांगलं नव्हतं. पाहुणे आले की व्याख्यान. नवऱ्याच्या ऑफिसातली दोन जोडपी एकदा जेवायला आली होती. मी प्लॅस्टिकच्या पिशवीतला अंक दोन बोटांत धरून सुरू झाले: इंद्रजालचा पहिला अंक मार्च 1964 चा, किंमत 60 पैसे, 1990 मध्ये बंद पडलं, एकूण 803 अंक, सुरुवातीची मुखपृष्ठं गोविंद यांची. एकजण मोबाइल बघायला लागला. दुसऱ्याने विचारलं, "वहिनी, याचे किती मिळतील?"

न जमवणाऱ्या माणसाचा हा पहिला प्रश्न असतो आणि पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता येत नाही, पण उत्तर देत नाही. आकडा सांगितला की माणूस ते कॉमिक्स दुसऱ्याच्या तान्ह्या बाळासारखं धरतो आणि लगेच परत देतो. मग वाचणार काय, कपाळ?

बदल झाला तो माझ्या शहाणपणाने नाही, सासूबाईंच्या कंटाळ्याने झाला. मागच्या मे महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नंतर टीव्हीचा कंटाळा आला. मी डबल असलेले, फाटके, कोपरे खाल्लेले पंचवीसेक अंक वेताच्या टोपलीत घालून दिवाणाशेजारी ठेवले. डागवाला वेताळही त्यातच टाकला, नाहीतरी तो आता कपाटाच्या लायकीचा उरला नव्हता. टोपली आधी कूलरच्या झोतात ठेवली होती. दोन दिवसांत पानं पापडासारखी वाकडी झाली, म्हणून भिंतीकडे सरकवली. आमच्याकडचा उन्हाळा कागदाला दोन्हीकडून मारतो, कूलर बंद असला की कडकडीत कोरडा आणि सुरू असला की ओला.

सासूबाई आर्वीकडच्या. लहानपणी चांदोबा वाचून वाढलेल्या. टोपलीतला वेताळ त्यांनी उचलला, चष्मा लावून, काढून, परत लावून पाहिला.

"हा वेताळ व्हय?"

"हो आई."

"वेताळ तं झाडाले लटकते. हा घोड्यावर कायले बसला? आन् याच्या पाठीवर राजा कुठी आहे?"

वेताळ राजाच्या पाठीवर असतो, राजा वेताळाच्या नाही, हे मी सांगितलं नाही. त्या वाचत बसल्या. दुपारी चहाच्या वेळी म्हणाल्या, "बायको चांगली आहे त्याची, पण फार वाट पाहाले लावते." डायना आणि वेताळाच्या लग्नाला किती वर्षं लागली याची बाईंना दोन अंकांत कल्पना आली होती. मला ते सांगायला तीस मिनिटांचं व्याख्यान लागलं असतं.

मग टोपलीला पाय फुटले. आमच्या वरच्या मजल्यावर एक सिंग कुटुंब राहतं. त्यांना मी एवढंच सांगितलं की अमेरिकेतल्या मूळ कथांमध्ये वेताळाचे पिढीजात वैरी असलेले समुद्री चाचे 'सिंग' होते, इंद्रजालने आपल्याकडे कोणी दुखावू नये म्हणून त्यांचं 'सिंगा' केलं, आणि वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगालच्या फार जवळचं होतं म्हणून तो 'देंकाली' झाला. सिंगसाहेब पोट धरून हसले. "मतलब हम विलन थे?" दुसऱ्या दिवशी त्यांचा पोरगा खाली आला, पुरावा मागायला. चार अंक घेऊन गेला. मार्च 1964 आणि 60 पैसे मी अजूनही कोणाला तरी सांगते, सवय जात नाही, पण आधी सिंग, मग साठ पैसे.

शेजारचे काका कॉमिक्स वाचतच नाहीत. सरळ मागचं पान काढतात, पॉपिन्सच्या गोळ्यांची राम-श्यामवाली जाहिरात वाचतात आणि ठेवून देतात. मी आधी मनातल्या मनात नाक मुरडलं. मग लक्षात आलं, ते जिला शोधताहेत ती गोळी दातांना चिकटायची आणि ते तेव्हा दहावीत होते. त्यांना वेताळाशी काय करायचंय?

भाच्याचा अनुभव उलटा. त्याला नागराज आवडला म्हणून मी लगेच शेजारी अमर चित्र कथा ठेवली आणि म्हटलं, बघ, 1986 मध्ये पहिला नागराज काढणारे प्रताप मुळीक आणि हे राजेमहाराजे काढणारे मुळीक एकच. घोड्याचे पाय बघ, हात बघ. त्याने बघितलं. म्हणाला, "मग?" आणि नागराज घेऊन अमरावतीला गेला. अजून आणला नाही. वहीत तारीख लिहिली आहे, पण मागितला नाही.

आता जिच्यामुळे हे लिहायला बसले ती गोष्ट. माझी लॅबमधली सहकारी दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाते. तिचे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला तिथे उभे होते. कॉमिक्स म्हटलं की ती म्हणायची, "ते पोट्ट्यांचं काम आहे, मला नको सांगू." दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून मी चारेक वर्षांपूर्वी 'भीमायन' घेतलं होतं, बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं, 2011 सालचं, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं. आणलं, चाळलं, वा वा म्हटलं, पिशवीत घातलं, कपाटात ठेवलं. गोंड राजाने वसवलेल्या शहरात गोंड चित्रकारांचं पुस्तक कुलपात. एकदा डबा खाताना विषय निघाला आणि मी ते तिला नेऊन दिलं. दिलं म्हणजे छातीवर दगड ठेवून.

तीन आठवडे काही नाही. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि रोज विचारावंसं वाटत होतं. मग एका सोमवारी तिने पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं, सेलोटेप न लावता नुसतं दुमडून. वर लेबल. लेबलवर माझं नाव, तिच्या वडिलांच्या अक्षरात. आधी वडिलांनी वाचलं होतं, मग चाळीतल्या दोघातिघांनी.

"तू फुगे पाह्यले?" तिने विचारलं.

"कुठले फुगे?"

तिने पुस्तक उघडलं. मसूर स्टेशनावर खोळंबलेले लहानगे बाबासाहेब आणि सोबतची मुलं, पाणी नाकारणारी माणसं. संवादाचे फुगे. चांगलं, मायेचं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. आणि ज्याचं बोलणं विषारी, त्याच्या फुग्याच्या टोकाला विंचवाची नांगी. पानोपानी. "हे पाहा, हा बोलतो ना, याला नांगी. याला नाही. आणि आगगाडी पाहा, साप आहे. चौकटीच नाहीत कुठे, कोणाला डब्यात कोंबलं नाही." ती बोटाने दाखवत होती आणि मी, सहाशे कॉमिक्सची मालकीण, चार वर्षं हे घरात असून पहिल्यांदा बघत होते. मी तेव्हा बांधणी तपासली होती, पानं मोजली होती, कोपरे बघितले होते. आवृत्ती कोणती तेही लिहून ठेवलं होतं.

"बाबा म्हणाले," ती म्हणाली, "नांगी असलेले फुगे वाचताना आवाज बदलून वाचायचे. त्यांनी तसंच वाचलं, सगळ्यांना मोठ्याने."

ते खाकी कव्हर मी काढलेलं नाही. ते पुस्तक आता टोपलीतही नाही आणि कुलपातही नाही, टीव्हीखालच्या फळीवर आहे. मोठ्याने वाचायला कोणी मागितलं तर सापडावं म्हणून.

माझ्या लेकीला यातलं काहीच आवडत नाही. ती फोनवर मंगा वाचते. एकदा मला तिच्या मैत्रिणीचं छापील मंगा दिलं आणि मी पाच पानं वाचून म्हटलं, याला काही अर्थच लागत नाही. "मम्मी, तू शेवटून वाचते आहेस. उजवीकडून डावीकडे असतं." ती ज्या नजरेने बघत होती ती नजर मी पाहुण्यांकडे बघताना वापरायचे. पण तिला एक काम मात्र मनापासून आवडतं. जुन्या अंकांच्या पिना गंजतात आणि मधल्या पानाला तांबडे ओघळ पडतात. ती लोणी लावायच्या सुरीने पिनेचे पाय अलगद उचलते, पीन काढते, त्याच भोकांतून पांढरा दोरा ओवून आत गाठ मारते. टोपलीतले सतरा अंक तिने असे शिवले. वाचला त्यातला एकही नाही.

मागच्या रविवारी प्रतापनगरची मैत्रीण आली. मधे येणं झालं नव्हतं, भांडण नव्हतं, पण गेलं राहून. पोहे मीच केले होते, तर्री वाटीत वेगळी. ती दिवाणावर बसली, टोपलीत हात घातला, आणि नेमका तोच अंक तिच्या हाताला लागला. लेकीने शिवलेला, सासूबाईंनी तीनदा वाचलेला. तिने तो उजेडात धरला, घोड्याच्या मानेवर बोट ठेवलं आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, हे कोणी केलं? लोकांना काही समजते का नाही? इतकी जुनी वस्तू!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तिच्यासमोर प्लेट सरकवली आणि म्हटलं, आधी पोहे खाऊन घे, गार होतील.